विश्लेषण : खिसा नव्हता म्हणून जन्मली, खिसा आला आणि मागे पडली... जपानची ‘नेत्सुके’ कला काय आहे?

मलकापूरहून खामगावकडे जाताना नांदुरा आले हे कोणाला विचारावे लागत नाही. राष्ट्रीय महामार्गालगतची 105 फूट उंचीची हनुमानाची मूर्ती दुरूनच दिसते. ट्रकचालक वेग कमी करून हात जोडतात, प्रवासी मोबाइल बाहेर काढतात. ही मूर्ती फोटोच्या चौकटीत बसवण्यासाठी चार पावले मागे जावे लागते. आजचा विषय मात्र नेमका याच्या उलट टोकाचा आहे. जपानमध्ये ‘नेत्सुके’ नावाची शिल्पे घडवली जातात. त्यांची उंची साधारण तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे सुपारीपासून लिंबाएवढी. हिशेबच करायचा तर चार सेंटिमीटरची 800 नेत्सुके एकावर एक रचली, तर ती नांदुऱ्याच्या मारुतीच्या उंचीला पोहोचतील.

नेत्सुके म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची मूर्ती नव्हे की मुलांचे खेळणेही नव्हे. कमरेला टांगलेली पिशवी खाली पडू नये म्हणून दोरीच्या टोकाला लावलेली ती गुंडी आहे. एवढ्या साध्या कामासाठी घडलेल्या या वस्तू आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. 2011 मध्ये लंडनच्या लिलावात एका नेत्सुकेने दोन लाख पाउंडांचा टप्पा ओलांडला होता. ‘जपानी कोरीव कीचेन’ किंवा ‘व्हिंटेज आयव्हरी’ अशा नावांनी त्यांच्या नकला ऑनलाइनही दिसतात. त्या मागवण्यापूर्वी भारतीय ग्राहकाने कायद्याची एक गोष्ट माहीत करून घेणे गरजेचे आहे. ती पुढे येईलच. आधी ही गुंडी लागली कशाला, ते पाहू.

नेत्सुकेची गरज का पडली?

जपानी पारंपरिक पोशाख म्हणजे किमोनो. या पोशाखाला बटण नाही आणि आपल्या शर्टासारखा खिसाही नाही. अंगावर एकावर एक घेतलेल्या पदरांना कमरेला ‘ओबी’ नावाचा पट्टा आवळून बांधला, की पोशाख पूर्ण. स्त्रिया लहानसहान वस्तू बाहीच्या पोकळीत किंवा ओबीच्या घडीत ठेवत. पुरुषांना पैसे, तंबाखू, औषध, शिक्का आणि लिहिण्याचे साहित्य सोबत बाळगायचे असे. त्यांनी या वस्तूंच्या पिशव्या आणि डब्या दोरीने कमरेला टांगल्या. अशा टांगायच्या वस्तूंना ‘सागेमोनो’ म्हणत.

आता प्रश्न दोरीचा. पट्ट्याला गाठ मारली तर दर वेळी सोडायची कशी? आणि नुसती खोचली तर ती चार पावलांत निसटणार. यावर काढलेला तोडगा कोणत्याही यंत्रशाळेतल्या माणसाला आवडेल असा आहे. दोरी ओबीच्या आतून, म्हणजे पट्टा आणि अंग यांच्या मधून, वर काढायची आणि वरच्या टोकाला एक गोटी अडकवायची. खालची डबी जितकी जड, तितकी दोरी खाली ओढली जाते आणि गोटी पट्ट्याच्या वरच्या काठावर तितकीच घट्ट बसते. गोटी फटीपेक्षा मोठी असल्याने ती आत घुसू शकत नाही. ना कडी, ना आकडा, ना स्प्रिंग. वस्तू हवी असेल तेव्हा गोटी वर उचलून खाली सरकवली, की सगळा सरंजाम हातात.

ही गोटी म्हणजेच नेत्सुके. नावातील पहिल्या चिन्हाचा अर्थ मूळ किंवा मुळी, दुसऱ्याचा जोडणे. सुरुवातीला यासाठी झाडाच्या मुळाचा तुकडा, शिंपला किंवा छोटा भोपळा वापरत असावेत, असा अंदाज या नावावरून केला जातो. उच्चार करताना जपानी लोक मधला ‘उ’ जवळपास गिळतात, त्यामुळे कानाला ‘नेत्स्के’ असे ऐकू येते.

पूर्ण संचात तीन भाग असत. खाली पिशवी किंवा ‘इन्रो’ ही लाखेचे लेप दिलेली, एकावर एक बसणाऱ्या कप्प्यांची चपटी डबी. जेवणाच्या डब्याचे कप्पे जसे एकमेकांवर बसतात तशी तिची रचना, फक्त आकार तळहाताएवढा. ती आधी शिक्क्यांसाठी आणि मग प्रामुख्याने औषधांसाठी वापरली गेली. मधे ‘ओजिमे’ नावाचा मणी. तो दोरीवर खाली सरकवला की डबी बंद राहते, वर सरकवला की उघडते. आणि वर नेत्सुके.

आपल्याकडे असे काही होते का?

खिसा नसलेल्या पोशाखाची अडचण वऱ्हाडाला नवी नाही. धोतर नेसणाऱ्या पिढीने पैसे कनवटीला लावले, पान-तंबाखूची चंची गुंडाळून तिची दोरी आवळली आणि ती कमरेला खोचली. आठवडी बाजारात एखादे आजोबा आजही चंची उलगडताना दिसले, तर तिचे एकात एक असलेले कप्पे नीट पाहावेत. घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला चाव्यांचा छल्ला असे. चांदीचा चपटा, नक्षीदार आकडा लुगड्याच्या कमरेशी खोचायचा आणि खाली चाव्या लोंबत्या ठेवायच्या. काम तेच, भार कमरेवर तोलण्याचे. छल्ल्यावर मोर किंवा कोयरी कोरलेली असे, कारण जी वस्तू चारचौघांत दिसते ती चांगली दिसावी असे कोणालाही वाटते.

योगायोग असा, की चंची आणि जपानी कमरेची पिशवी या दोन्हींच्या लोकप्रियतेमागे तंबाखूचा मोठा हात आहे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सोळाव्या-सतराव्या शतकांच्या आसपास तंबाखू दख्खनलाही आला आणि जपानलाही. जपानी माणूस लांब दांडीच्या छोट्या चिलमीतून तो ओढू लागला. मग चिलमीचे म्यान आणि तंबाखूची पिशवी कमरेला आली, आणि त्यांना तोलायला नेत्सुके लागले. व्यसनाचे समर्थन कोणी करणार नाही, पण या कलेचा हिशेब तंबाखू वगळून लागत नाही.

छल्ला दागिन्यांच्या पेटीत राहिला आणि चंची चंचीच राहिली. नेत्सुके मात्र स्वतंत्र शिल्पकला बनली. असे का झाले, याचे उत्तर जपानच्या तत्कालीन समाजरचनेत सापडते.

गुंडीची शिल्पकला कशी झाली?

1603 ते 1868 हा जपानमधील एदो काळ. लढाया थांबल्या होत्या, शहरे वाढत होती. समाजाची उतरंड ठरलेली होती : वर सामुराई, मग शेतकरी, मग कारागीर आणि सर्वांत खाली व्यापारी. गंमत अशी, की पैसा खालच्या पायरीवर साचू लागला. व्यापाऱ्यांनी श्रीमंती मिरवू नये म्हणून कोणी कोणते कापड वापरावे यावर सरकार वेळोवेळी बंधने घालत असे. पण कमरेच्या गुंडीला कोण काय म्हणणार? साध्या रंगाच्या किमोनोवर हस्तिदंती किंवा सुबक लाकडी नेत्सुके लावले, की पारखी नजरेला जे कळायचे ते कळे. गिऱ्हाईक चोखंदळ होत गेले तसे कारागीरही.

1781 मध्ये ओसाकात इनाबा त्सूर्यू या तलवारीच्या साजाच्या व्यापाऱ्याने ‘सोकेन किशो’ हा ग्रंथ छापला. त्याच्या शेवटच्या भागात पन्नासहून अधिक नेत्सुके कारागिरांची नावे आणि त्यांच्या कामाची चित्रे आहेत. म्हणजे तोवर गुंडी बनवणाऱ्यांची नावे लक्षात ठेवण्याइतकी ती मोठी झाली होती. या यादीत क्योटोच्या तोमोतादाचे नाव येते. बसलेला बैल ही त्याची ओळख. पाय पोटाखाली घेतलेला, मानेला वळ्या पडलेल्या, नाकातून गेलेली वेसण पाठीवर टाकलेली. पोळ्याला बैलाची खांदेमळणी केलेल्या माणसाने हे शिल्प पाहिले, तर जनावर रवंथ करत आहे की झोपेला आले आहे हे तो सांगू शकेल. त्या ग्रंथात तोमोतादाच्या बैलांना मोठी मागणी असल्याची आणि त्यांच्या नकला निघत असल्याची नोंद आहे. म्हणजे बनावट मालाची तक्रार अडीचशे वर्षे जुनी आहे!

नेत्सुके घडवताना शिल्पकाराला जी बंधने पाळावी लागत, ती मोठ्या मूर्तीच्या कारागिराला नसतात. ते टोकदार असून चालत नाही, नाहीतर बाहीचे रेशीम फाटेल. कान, शेपूट, हात, शिंग बाहेर आले की पहिल्या धक्क्याला मोडणार. म्हणून माकड गुडघे पोटाशी घेते, उंदीर स्वतःच्या शेपटीला वळसा घालतो, साप स्वतःभोवती वेटोळे घालून बसतो. ते सर्व बाजूंनी पुरे हवे, कारण दोरीवर फिरताना त्याची कोणतीही बाजू समोर येऊ शकते. तळाशी तर अनेक कारागिरांनी जास्तच कौशल्य ओतले आहे. बैल उलटा केला की खुरांची घडी दिसते.

शिवाय दोरी ओवायला दोन भोके, ‘हिमोतोशी’, लागतात. भोके कुठे पाडायची हा तोलाचा प्रश्न आहे. जागा चुकली तर नेत्सुके कमरेवर तोंड खाली करून लोंबेल. अनेकदा एक भोक मोठे असते, त्यात दोरीची गाठ लपते. काही हुशार कारागीर भोके पाडतच नाहीत, हात आणि कंबर यांच्यातील मोकळ्या जागेतूनच दोरी जाईल अशी आकृती योजतात.

साहित्य परिसराप्रमाणे बदले. क्योटो-ओसाकात हस्तिदंत बराच वापरला गेला. हत्ती जपानमध्ये नाहीत, दात समुद्रमार्गे येत. शामिसेन या तंतुवाद्याच्या मोठ्या नख्या कापताना उरलेले तिकोनी तुकडे नेत्सुकेला उपयोगी पडत. जुन्या हस्तिदंती नेत्सुकेंपैकी काही त्रिकोणी आकाराची का, याचे उत्तर त्या उरलेल्या तुकड्यांत आहे. इतरत्र बॉक्सवूडचे लाकूड चाले. काश्मीरकडे चिकरी म्हणतात त्याच जातकुळीतले हे लाकूड, घट्ट आणि बारीक पोताचे. इवामी या किनारी प्रांतात रानडुकराच्या सुळ्यावर कोळी आणि गोम कोरत. हिदा भागात एका सदाहरित सूचिपर्णी झाडाच्या लाकडावर रंग न देता काम होई. याशिवाय सांबरशिंग, बांबू, अक्रोड, चिनी माती, असे सारे काही वापरले गेले.

वापरातून आणखी एक गोष्ट होई. वर्षानुवर्षे हात आणि रेशीम घासून कोरीवकामाचे कंगोरे मऊ होतात, हस्तिदंताला मधासारखा रंग चढतो. जपानी जाणकार याला ‘आजी’ म्हणजे चव म्हणतात. मराठी वाचकाला या शब्दाचा वेगळाच अर्थ लागेल, आणि तोही इथे फार चुकीचा ठरणार नाही.

त्यावर काय काय कोरले जाई?

एका वाक्यात सांगायचे तर मोठ्या मूर्तींत ज्याला जागा मिळत नाही ते सगळे. उंदीर पकडणारा माणूस हा कारागिरांचा आवडता विषय. तो सर्व ताकदीनिशी टोपलीवर झेप घेऊन दाबून बसला आहे, दात-ओठ खातो आहे आणि उंदीर त्याच्याच पाठीवर चढून बसला आहे. भुते, आंघोळीला कंटाळलेले मूल, खरबुजावर बसलेला बेडूक, मुखवटे, शेंगा आणि उंदीर-बैल-वाघ अशी वर्षचक्रातली बारा जनावरे त्यांत असतात. वर्ष उंदराचे असेल तर उंदराचे नेत्सुके कमरेला लावायची हौसही होती.

यात भारतीय वाचकाला ओळखीचे चेहरे भेटतात. जपानच्या सात भाग्यदेवतांपैकी तीन मुळात इथल्याच. वीणेसारखे वाद्य घेतलेली बेंझाइतेन म्हणजे सरस्वती. भाला आणि स्तूप हाती घेतलेला बिशामोन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. धान्याच्या पोत्यांवर उभा राहून हातोडी फिरवणारा, गालांत हसणारा गोल चेहऱ्याचा दाइकोकू म्हणजे महाकाळ. उज्जैनच्या महाकाळाशी त्याचे नाते सांगितले तर पटणार नाही इतका तो बदलला आहे. बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे जाताना त्याचे रौद्र रूप गळून पडले आणि तो सुगीचा देव झाला. त्याच्या पायाशी उंदीर असतात. गणपतीच्या देशात हे पाहून हसू येते. झग्यात गुंडाळून घेतलेला, भुवया ताणलेला दारुमा हा बोधिधर्म, म्हणजे परंपरेनुसार दक्षिण भारतातून चीनला गेलेला भिक्षू. गांधीजींमुळे घराघरांत पोहोचलेली तीन माकडेही मूळची जपानी. जपानी भाषेत ‘न पाहणे, न ऐकणे, न बोलणे’ या शब्दांच्या शेवटी येणारा ‘झारू’ हा प्रत्यय माकड या शब्दासारखा ऐकू येतो. शब्दकोटीतून जन्मलेली ही माकडे नेत्सुकेवर हमखास भेटतात.

अशीच आणखी एक शब्दकोटी. इसे हे जपानमधील मोठे तीर्थक्षेत्र. त्याच्या शेजारच्या यामादा गावातील कारागीर लाकडी बेडूक कोरण्यात पटाईत. ‘काएरू’ म्हणजे बेडूक आणि ‘काएरू’ म्हणजेच परत येणे. यात्रेकरू घरी सुखरूप परतावा, म्हणून कमरेला बेडूक. नांदुऱ्याच्या शेजारी शेगाव आहे. दर्शन घेऊन परतताना छोटा फोटो, गंडा किंवा चावीची साखळी घेणाऱ्यांना या बेडकाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

खिसा आला आणि काय बदलले?

1850 च्या दशकात अमेरिकी जहाजांच्या दबावाखाली जपानची बंदरे उघडली. 1868 मध्ये सत्ता सम्राटाकडे आली आणि देशाने पश्चिमेकडे तोंड वळवले. सैन्य, पोलीस आणि सरकारी अधिकारी कोट-पँटमध्ये आले. पँटला खिसे होते. चिलमीच्या जागी सिगारेटचे पाकीट आले, ते खिशात मावते. कोणी बंदी घातली नाही, कोणी कारागिरांचे हात तोडले नाहीत. फक्त शिंप्याने कापडाच्या आत आणखी एक कापड शिवले, आणि अडीचशे वर्षांची गरज दोन-तीन दशकांत ओसरली.

ज्या वस्तूला घरात किंमत उरली नाही ती परदेशी प्रवासी मुठींनी विकत घेऊ लागले. पॅरिस आणि लंडनमध्ये जपानी वस्तूंचे वेड पसरले होते. कारागिरांनीही नव्या गिऱ्हाइकासाठी मोठ्या आकाराची, भोके नसलेली, टेबलावर ठेवायची ‘ओकिमोनो’ शिल्पे करायला घेतली. ती दिसायला भव्य असतात, पण नेत्सुकेतील मिस्कीलपणा त्यांच्यात क्वचितच आढळतो.

याच काळात जपानचा आपल्या भागाशी संबंध जुळत होता, तो मात्र कापसातून. 1893 मध्ये जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने ‘निप्पॉन युसेन काइशा’ या कंपनीने मुंबई-जपान जहाजसेवा सुरू केली. त्या जहाजांचा मुख्य माल हिंदुस्थानी कापूस होता, आणि खामगाव ही तेव्हा वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ. जपान्यांना आता आपल्या गिरण्यांसाठी कापसाची गरज होती. टाटा कुटुंबाचा पूर्वेकडील कलावस्तूंचा संग्रहही त्याच पिढीतला. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या चिनी-जपानी वस्तू आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. जपानी कारागिरीची नजर तयार करायची असेल तर मुंबईच्या फेरीत तिथे एक तास जरूर काढावा.

264 नेत्सुके गादीत का लपवली गेली?

नेत्सुके जगभरच्या सामान्य वाचकांना माहीत झाली ती 2010 मध्ये आलेल्या एका पुस्तकामुळे. ब्रिटिश कुंभकलाकार एडमंड डी वाल यांनी ‘द हेअर विथ अँबर आइज’ मध्ये आपल्या घराण्याची गोष्ट नेत्सुकेच्या मागोव्याने सांगितली आहे. त्यांचे पूर्वज एफ्रुसी हे धान्याच्या व्यापारातून बँकिंगमध्ये आलेले श्रीमंत ज्यू कुटुंब. पॅरिसमधील चार्ल्स एफ्रुसी यांनी 1870 च्या दशकात 264 नेत्सुकेंचा संग्रह एकगठ्ठा विकत घेतला. 1899 मध्ये तो व्हिएन्नातील चुलतभावाला लग्नाचा आहेर म्हणून गेला. तिथे तो नव्या नवरीच्या शृंगाराच्या खोलीतील काचेच्या कपाटात राहिला. आई कपडे बदलत असताना मुलांना नेत्सुके खेळायला मिळत.

मार्च 1938 मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. एफ्रुसींचा वाडा, बँक, चित्रे, पुस्तके सारे जप्त झाले. कोणत्या खोलीत काय आहे याच्या याद्या झाल्या आणि सामान बाहेर निघू लागले. ॲना ही घरातली मोलकरीण. नव्या मालकांनी तिला तिथेच कामाला ठेवले होते. मोठे चित्र किंवा चांदीचे ताट तिने हलवले असते तर लगेच दिसले असते. पण नेत्सुके बोटाएवढी. कामाच्या ओघात ती दोन-तीन नेत्सुके एप्रनच्या खिशात टाकायची, आपल्या खोलीत न्यायची आणि गादीत लपवायची. असे दिवसामागून दिवस. युद्धभर ती त्या गादीवर झोपली.

युद्ध संपल्यावर घराण्याची मुलगी एलिझाबेथ व्हिएन्नाला परतली. वाड्यातले जवळपास काहीच हाती आले नाही. ॲनाने मात्र सगळी नेत्सुके परत दिली. पुस्तकात ती फक्त ॲना या नावाने येते. त्यानंतर हा संग्रह एलिझाबेथच्या भावाबरोबर टोकियोला, म्हणजे मूळ देशात गेला आणि पुढे डी वाल यांच्याकडे आला. 2018 मध्ये त्यांनी यातील बहुतांश नेत्सुके व्हिएन्नातील ज्यू संग्रहालयाला दीर्घ मुदतीसाठी दिली आणि 79 नेत्सुके निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी लिलावात काढली.

नेत्सुके टोकदार नसावे, कुठे अडकू नये, मुठीत मावावे, हे नियम कारागिरांनी रेशमी बाहीसाठी पाळले होते. व्हिएन्नात तेच एप्रनच्या खिशात उपयोगी पडले.

ऑनलाइन ‘आयव्हरी नेत्सुके’ मागवले तर?

इथे मात्र सावध राहायला हवे. जुनी नेत्सुके मोठ्या संख्येने हस्तिदंताची आहेत. ‘वस्तू दीडशे वर्षे जुनी आहे, हत्ती तेव्हाच मेला, आता काय हरकत?’ हा युक्तिवाद भारतात चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 मधील 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला. 1991 च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मॅमथच्या दाताला यातून सूट द्यावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 2003 मध्ये न्यायालयाने ती मान्य केली नाही. मॅमथच्या नावाखाली हत्तीचा दात खपवला जाईल ही भीती त्यामागे होती. हत्ती कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास किमान तीन ते कमाल सात वर्षांचा कारावास आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. ‘कीचेन आहे हो’ हे उत्तर वन विभागासमोर उपयोगाचे नाही.

हत्तीचा दात आणि मॅमथचा दात वेगळा ओळखता येतो का? येतो, पण तो तज्ज्ञांचा विषय आहे. दाताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. दाताच्या बाहेरच्या भागात या रेषांमधील कोन हत्तीमध्ये साधारण 115 अंशांहून मोठा आणि मॅमथमध्ये 90 अंशांहून लहान असतो. प्लास्टिक किंवा राळेच्या नकलेत या रेषा नसतात, उलट साच्याची कड आणि सगळीकडे एकसारखा पिवळा रंग दिसतो. गरम सुई टोचून पाहण्याचा घरगुती उपाय कोणी सुचवला तर ऐकू नये, त्याने खरी वस्तू खराब होते. खरी असली, तरी भारतात तिचा व्यवहार करता येत नाहीच.

जगातही दार अरुंद होत आहे. आफ्रिकी हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार रोखण्याचा निर्णय 1989 मध्ये झाला. ब्रिटनचा 2018 चा हस्तिदंत कायदा जून 2022 पासून अमलात आला. तिथे 1918 पूर्वीच्या आणि कलादृष्ट्या असामान्य ठरलेल्या वस्तूंना प्रमाणपत्रासह सूट मिळते. जपानमध्ये देशांतर्गत विक्री कायद्याने सुरू आहे, तरी राकुतेनने 2017 मध्ये आणि याहू जपानने 2019 मध्ये आपल्या संकेतस्थळांवरून हस्तिदंत हटवला. जुन्या नेत्सुकेंच्या संग्राहकांना हे कायदे जाचक वाटतात, आणि संग्रहालयीन वस्तूंबाबत त्यांचा मुद्दा अगदीच गैर नाही. पण जुन्याच्या नावाने नवा दात विकला जातो, हा अनुभवही तितकाच खरा आहे. ज्यांना घ्यायचेच आहे त्यांच्यासाठी लाकडी नेत्सुके आहेत. बॉक्सवूडचा बेडूक हस्तिदंती बेडकापेक्षा कमी जिवंत नसतो.

आज ही कला कोण जपते?

जपानमध्ये नेत्सुके घडवणारे कारागीर आजही आहेत, जपानबाहेरही काही आहेत. ते बॉक्सवूड, शिंग, अंबर, फळांच्या कठीण बिया वापरतात. राजघराण्यातील प्रिन्स ताकामादो यांनी पत्नीसह समकालीन नेत्सुके जमवली होती. 2002 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात पाहता येतो. क्योटोत 2007 मध्ये जुन्या सामुराई वाड्यात केवळ नेत्सुकेंसाठी संग्रहालय उघडले. ब्रिटिश म्युझियममध्ये दोन हजारांहून अधिक नेत्सुके आहेत.

शब्दाने तर वेगळाच मार्ग धरला. मोबाइलला लोंबती दोरी लावण्याची जपानमध्ये फॅशन होती. त्या दोरीला लावायच्या छोट्या घंटेला, बाहुलीला देवळाबाहेरच्या दुकानात ‘नेत्सुके’ म्हणूनच विकले जाई, अजूनही विकले जाते. स्मार्टफोनला दोरी ओवायचे भोकच उरले नाही, तेव्हा ती बॅगेच्या चेनला आणि चावीला गेली. नव्या नेत्सुकेंपैकी बहुतेक आयुष्यभर काचेच्या कपाटातच राहणार, कमरेला कोणी लावणार नाही, हे घडवणाऱ्याला ठाऊक असते. तरी काम पूर्ण झाल्यावर तो ते उलटे करतो, तोल पाहतो आणि दोरीसाठी दोन भोके पाडतो.